राणीच्या डोळ्यातला डिंक

सीताफळ पिकलं की नाही, हे अफसानाच्या अंगठ्याला कळायचं. नजर रस्त्यावर, बोलणं गिऱ्हाइकाशी, आणि अंगठा आपला फळाफळावरून फिरत राहायचा; आजचं या टोपलीत, उद्याचं त्या टोपलीत. त्या सकाळी मात्र अंगठ्याचं भान सुटलं होतं. घट्ट फळं तिनं पिकल्यांत टाकली आणि पिकली होती ती दाबून दाबून फोडली. दारात खुर्ची टाकून बसलेल्या अब्बांनी ते बघितलं.

"फळांनी काय केलंय तुझं, बेटा?"

ती कसंनुसं हसली आणि पदराला हात पुसत राहिली. हात कधीच कोरडे झाले होते.

अब्बा सकाळपासून तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, कातरलेली दाढी, कानात अत्तराचा फाया. दुपारी मंगल कार्यालयात त्यांचा पिक्चर लागणार होता. 'त्यांचा' असं अख्खं चौसाळा म्हणायचं. खरं तर पिक्चर काढला होता राधाकिशनकाकांनी, ज्यांचा बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ होता. गोष्ट त्यांची, गाणी त्यांची, पुण्याहून भाड्यानं आणलेला कॅमेरा त्यांनी चालवलेला. पण 'सातव्या तळ्याची राणी' हा सगळा बाहुल्यांचा पिक्चर, आणि बाहुल्या वाहेद उस्तादांच्या, म्हणजे अब्बांच्या. लोकांच्या ध्यानात कॅमेरा कशाला राहील? बाहुल्या राहिल्या. त्यातली राणी तर लोकांच्या लेकीसुनांच्या नावांत जाऊन बसली. आजही कड्यापासून चकलांब्यापर्यंतच्या गावांत चाळिशीच्या आतबाहेरची एखादी चांदवेल भेटते, ती या राणीवरून.

आणि राणी रडायची, म्हणून तर सगळे तिला विसरले नव्हते. शेवटच्या प्रसंगात ती तळ्याच्या काठावर उभी राहते, एक हात हळूहळू वर करते, आणि कागदाच्या त्या डोळ्यातून खरं पाणी गालावर उतरतं. जत्रेच्या तंबूत तो प्रसंग आला की बायका पदर तोंडाला लावायच्या. बाहुली रडतीच कशी, असं कुणीही विचारावं आणि अब्बांनी चहाचा कप खाली ठेवून सांगावं: "डोळ्यामागं बाभळीचा डिंक भरलता. दिव्याच्या गरमीनं पाघळला. मला सुदिक म्हाईत न्हवतं असं व्हईल म्हणून. वरच्याचं काम ते, माझं काय." असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा, आणि त्या उजेडात 'माझं काय' हे शब्द कुणालाच खरे वाटायचे नाहीत.

डिंक नव्हता. हे जगात आता एकट्या अफसानाला ठाऊक होतं.

अब्बा मुळात ताबूत करणारे. मोहरमसाठी कामट्या सोलायच्या, कागद कातरायचा, बेगड लावायची, आणि दहाव्या दिवशी ते सगळं वैभव डोळ्यांदेखत पाण्यात सोडायचं. त्याला थंडं करणं म्हणतात. त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं एकच ध्यानात धरून ते जगले होते. कामटी-कागदाचं काम झालं की घरात ठेवायचं नाही, ते थंडं झालंच पाहिजे. त्या वर्षी जिनिंगच्या रिकाम्या गोदामात पिक्चरचं काम चाललं होतं. वीज दोन-दोन दिवस यायची नाही, काम लांबत गेलं आणि मोहरम आला. ताबूत निघाले तशी अब्बांनी पहाटेच बाहुल्यांची टोपली उचलली आणि नदी गाठली. राजा गेला, राक्षस गेला, सात मासोळ्या गेल्या, चांदवेल राणी गेली. विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या हिशेबी काम त्याच दिवसापर्यंतचं होतं. दुपारच्या गाडीनं ते हैद्राबादला मंडपाच्या कामावर निघूनही गेले.

शेवटचा प्रसंग राहिलाय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा पुण्याला परत द्यायचा होता.

राधाकिशनकाका गोदामाच्या पायरीवर डोकं धरून बसलेले अफसानाला अजून आठवत होते. मग त्यांची नजर तिच्यावर गेली. राणीची बाहुली सगळ्यांत मोठी, आठ वर्षांच्या पोरीएवढी. कारण अब्बांनी तिचं माप अफसानाला समोर उभी करूनच घेतलं होतं. साच्यावर वाळत ठेवलेला राणीचा एक जास्तीचा चेहरा कोपऱ्यात उरला होता. काकांनी त्याचे डोळे कातरून तो तिच्या तोंडावर बांधला, मनगटांना काळे दोरे लावले आणि सांगितलं, दोरा ओढला की तेवढाच हात हलव, श्वास घेऊ नको. तिनं तसं केलं. फक्त डोळ्यांचं तिच्या हातात राहिलं नाही.

काकांनी नंतर तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, अब्बांना कळू द्यायचं नाही, त्यांचं मन मोडेल. सवड मिळताच मी सांगेन. पण पिक्चर लागला, बाहुली रडली, गावानं अब्बांना खांद्यावर घेतलं, आणि ती सवड काही आली नाही. काका वारले. प्रोजेक्टरचा दिवा मिळेनासा झाला, रिळं ट्रंकेत गेली. अफसानाला वाटलं, आपलंही एक ओझं असंच थंडं झालं.

आता काकांच्या मुलीनं, शाळेच्या मुख्याध्यापिका वनमालाताईंनी, ती ट्रंक उघडली होती. रिळं पुण्याला धाडली. तिथल्या लोकांनी एकेक चित्र धुऊन पुसून लख्ख केलं आणि संगणकात घालून पाठवलं. शाळेच्या पोरांना दाखवायचं ठरलं. मशीन लावायचं काम आलं रईसकडे, अफसानाच्या लेकाकडे. लग्नांचं शूटिंग करून तो पोट भरायचा. त्यानं घरी लॅपटॉपवर तिला आधी दाखवलं.

पहिल्यांदा तिला गंमतच वाटली. तंबूतल्या पिवळ्या, पाणावलेल्या उजेडात जे कधी दिसलं नव्हतं ते सगळं वर आलं होतं. राक्षसाच्या शेंडीचा दोरा, राजवाड्याच्या पुठ्ठ्यावर उमटलेलं साबणाच्या कंपनीचं नाव, एका कोपऱ्यात काकांचा अंगठा. रईस पोट धरून हसत होता. मग शेवट आला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

कागदाच्या हनुवटीखाली गळ्याची खळी हलत होती. आत-बाहेर, आत-बाहेर. मनगटावर थंडीनं उललेली कातडी होती. आणि हात वर जाता जाता राणीनं एकदा, स्पष्ट, पापणी मिटली.

"अम्मी, ही..." रईस म्हणाला आणि थांबला.

तिनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. शेवटचा भाग अंधारा कर, पहिल्यासारखा, म्हणाली. रईसनं विचारलं, कावून? त्यात तर सगळा जीव हाय. अब्बांच्या डोळ्यांना उजेड सोसत न्हाई, ती म्हणाली. रईसनं लॅपटॉपवरून मान वर करून तिच्याकडे बघितलं. अब्बांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू त्याच हिवाळ्यात काढला होता, आणि तेव्हापासून ते समोरच्या डोंगरावरची शेरडं मोजत बसायचे, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्यानं केलं. उजळ पिक्चरही ठेवलाय, तुला पायजे तर, एवढं मात्र म्हणाला.

तेव्हापासून तिला घास गोड लागला नव्हता. डाळीत मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. माणूस साऱ्या हयातीत एका गोष्टीनं ओळखला जातो, आणि तीच गोष्ट त्याची नाही हे त्याला चारचौघांत, पोरांच्या हसण्यात कळावं? आणि ते त्याच्या पोटच्या पोरीनं दडवलेलं असावं? अब्बा रागावले असते तर तिनं सोसलं असतं. ते काही न बोलता घरी येऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडतील, हे तिला सोसवणार नव्हतं.

दुपारी मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना लग्नातले लाल पडदे लावून अंधार केला होता. पत्रे तापून तडतडत होते. पोरांचा एकच गलका. पुढच्या रांगेत अब्बांना मानाची खुर्ची. त्यांच्या एका बाजूला अफसाना, दुसऱ्या बाजूला वनमालाताईंची नात सायली, चौथीतली, तोंडानं अखंड चालू. मागच्या खुर्चीत आप्पाराव; जुने तंटामुक्तीचे अध्यक्ष, ज्यांना दुसऱ्याचं कौतुक कधी पचलं नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते पुढं वाकले आणि म्हणाले, आज बघू बे वाहेद तुझा डिंक, आता समदं साफ दिसतंय म्हणं. अब्बा नुसते हसले. अफसानानं मागं मशीनशी बसलेल्या रईसकडं बघितलं.

पिक्चर सुरू झाला. रांजणात तोंड घालून काकांनी काढलेला राक्षसाचा आवाज घुमला, आणि पोरं घाबरायच्या ऐवजी हसत सुटली.

"दोरी दिसायली बे त्याची," मागून कुणी म्हणालं. "अन् दाढी नारळाची हाय."

मग हसू थांबेचना. राजा चालताना झुलायचा, पोरं हसायची. राजवाडा हलायचा, पोरं हसायची. अफसानानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून अब्बांकडे बघितलं. तेही हसत होते, खांदे हलत होते.

"हसू दे," ते तिच्या कानाशी म्हणाले. "आमीबी हसत हसतच केलतं. नारळ कड्याच्या बाजारातून आणलता."

पण हळूहळू काहीतरी पालटलं. तळं आलं तेव्हा. निळा काचकागद खालून दिवे लावून हलवला होता, एवढंच ते तळं. त्यात सात मासोळ्या वळायच्या, आणि प्रत्येक वळणाला पाण्यावर रुपेरी सुरकुती उठायची. गलका निवला. सायलीनं अब्बांची बाही ओढून विचारलं, हे पाणी मोबाइलमधी करतेत तसं केलंय का? अब्बा म्हणाले, मिठाईच्या पुड्याचा कागद हाय बाळा. तिला ते पटलं नाही. ती खुर्चीच्या टोकावर सरकली आणि तिचं तोंड, दिवसभरात पहिल्यांदाच, मिटलं. मग राणी आली, आणि काकांच्या आईनं गायलेली ती जात्यावरची ओवी सुरू झाली.

*तळ्याच्या खाली तळं, सातव्या तळ्यातळी,*
*कुण्या ग कारागिरानं माझी पापणी कोरली.*
*पापणी कोरली बाई, पाणी द्याया विसरला,*
*माझ्या ग डोळ्यातला झरा कुणी अडविला.*

त्यातल्या पापणी शब्दाशी अफसानाच्या अंगावर काटा आला. हात खुर्चीच्या दांडीला घट्ट धरून ती बसली. तिला जुन्या पिक्चरची काळजी वाटत होती की तो फिका ठरेल. तसं झालं नव्हतं. दोरे दिसत होते, पुठ्ठा दिसत होता, तरी पोरं गप्प होती. जणू दोरा दिसल्यानं बाहुलीची कीव जास्तच येत होती. पिक्चर टिकला होता. आता माणसाचं काय व्हायचं ते बाकी होतं.

शेवट आला. आणि रईसनं तिचं ऐकलं होतं. पडद्यावर काळोख साकळला. तळ्याची एक रेघ, राणीचा धूसर आकार, बस्स.

अब्बा पुढं वाकले. चष्मा काढला, कुर्त्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. बरा केलेला डोळा हातानं झाकून दुसऱ्यानं बघितलं, मग उलट.

"दिसंना," ते पुटपुटले. मग जरा मोठ्यानं, "अफसाना, मला कावून दिसंना? डोळा गेला का माझा पुन्हा?"

त्यांचा हात तिचा हात शोधत होता. मोतीबिंदू काढायच्या आधी, रात्री पाण्याचा तांब्या शोधायचा तसा. "तिला एकदा बघायचं व्हतं गं," ते म्हणाले. "एवढं साफ केलं म्हणाले. मासोळ्या दिसल्या, तीच कशी दिसंना."

मागं आप्पाराव खाकरले. पोरं चुळबुळ करू लागली. अफसानाला वाटलं, हा काळोख आता दोन मिनिटांत संपेल, दिवे लागतील, सगळे चहाला उठतील, आणि मी वाचेन. आणि अब्बा उद्यापासून डोंगराकडं बघणं सोडतील. डोळा गेला म्हणून गप्प होतील. त्यांचं मन मोडू नये म्हणून मी त्यांची नजर काढून घेतेय.

ती उभी राहिली. पडद्यावर तिची सावली पडली.

"रईस," ती म्हणाली, "उजळ लाव. पहिल्यापासून लाव हा भाग."

क्षणभर पडदा निळा झाला. मग तळं उजळलं, आणि राणी आली. तिच्या गालावरचा कागदाचा कण न् कण दिसत होता, अब्बांनी कुंचल्यानं ओढलेली भुवई दिसत होती, आणि त्या खाली दोन ओले, जिवंत डोळे. गळ्याची खळी हलत होती. हात वर गेला. पापणी मिटली. काजळाची रेघ घेऊन थेंब खाली उतरला, हनुवटीच्या कागदाला लागला आणि कागद तिथं भिजून गडद झाला.

"आज्जी," सायलीचा आवाज अख्ख्या कार्यालयात ऐकू गेला, "ती खरी पोरगी हाय. तिनं पापणी हलवली."

वनमालाताईंनी तिला दाबलं, पण पोरांत ते वाऱ्यासारखं गेलं. खरी हाय, खरी हाय. दिवे लागले. अफसाना खाली बघत उभी होती. आप्पाराव उठून पुढं आले. गोड आवाजात त्यांनी विचारलं, वाहेदभाई, डिंक कुठल्या झाडाचा म्हणला होता?

अब्बांनी चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला.

"बाभळीचा," ते म्हणाले. "तुमच्याच बांधावरल्या."

लोक हसले, आप्पारावही हसले, नाइलाजानं. वनमालाताईंनी शाल दिली, नारळ दिला. पाया पडायला वाकताना त्यांनी अफसानाकडं एकदा बघितलं, आणि तिला कळलं की यांनाही आत्ताच कळलंय. अब्बा सगळ्यांशी नीट बोलले. फक्त तिच्याशी बोलले नाहीत.

घरी जाताना ते पुढं, ती मागं. रईस मशीन आवरायला थांबला होता. ऊन उतरलं होतं, उसाच्या ट्रॉल्या हायवेनं खडखडत जात होत्या. नारळ अब्बांच्या काखेत, शाल खांद्यावरून घसरत होती, आणि ती सावरून द्यायची तिला छाती होत नव्हती. पुलावर ते कठड्याला हात टेकून थांबले. खाली नदीत पाणी कमी, बाभळी जास्त. इथंच टोपली रिकामी केली होती त्यांनी.

"मान लई वळवलीस," पाण्याकडं बघत ते म्हणाले. "बाहुलीची मान एवढी वळत न्हाई."

"आठ वर्साची होते, अब्बा."

"म्हणून तर सांगायलो. हात बराबर उचलला. दोरा आधी, मग हात. ते कुणी शिकवलतं?"

"तुमचं बघून."

त्यांनी मान हलवली. एक ट्रॉली गेली, पूल हादरला, पुन्हा स्थिर झाला.

"रडलीस कशाला पण? राधाकिशननं सांगितलं का?"

तिनं इतक्या वर्षांत हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं. सांगायची पाळी आली तेव्हा मात्र ते जिभेवर तयारच होतं.

"त्याच दिवशी पहाटं तुमी तिला पाण्यात सोडलं म्हणून. तिच्याच तोंडानं उभी केली मला, अन् तीच न्हवती."

अब्बांनी तिच्याकडं बघितलं. बरा झालेला डोळा आणि न झालेला, दोन्ही सारखेच भरले होते. मग त्यांनी काखेतला नारळ तिच्या हातात दिला, शाल सावरली आणि चालायला लागले.

"मंजी डिंक न्हवता," काही अंतर गेल्यावर ते म्हणाले.

"न्हाई, अब्बा."

"मला शंका व्हतीच." त्यांचा आवाज नेहमीसारखा होत चालला होता. "बाभळीचा डिंक लाल निघतो. एवढा साफ कुठून पाघळंल?"